सेट फक्त मुलाखतीपुरता नसतो

तुम्ही विचारलंय की पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत अनेक गोष्टी एकत्र ठेवायला लिस्ट, टपल, सेट, डिक्शनरी असे चार प्रकार असले तरी नवशिक्याने एकट्या लिस्टवर भागवलं तर बिघडलं कुठे? एरवी असा प्रश्न वाचून मी पुढे गेलो असतो. पण हेच वाक्य मी एका ऑफिसात तीन वर्षं ऐकलंय, त्यामुळे राहवत नाही.

कोणता कंस कुणाचा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, तरी थोडक्यात: लिस्ट म्हणजे क्रमाने लावलेली यादी, टपल म्हणजे बदलता न येणारी यादी, सेट म्हणजे क्रम नसलेला आणि एक गोष्ट एकदाच ठेवणारा संच, डिक्शनरी म्हणजे एका गोष्टीवरून (तिला 'की' म्हणतात) दुसरी शोधायची वही.

आमच्याकडे संस्थांच्या नोटिसा छापून, पाकिटं भरून टपालात टाकायचं काम यायचं. एकदा ४ लाख सभासदांची यादी आली. त्यातल्या ३ लाखांना पाकिटं आधीच गेली होती, उरलेले १ लाख शोधायचे होते. मी शहाण्यासारख्या दोन लिस्ट घेतल्या आणि पहिलीतला प्रत्येक सभासद क्रमांक दुसरीत आहे का, हे 'इन'ने (पायथनचा 'यात आहे का?' विचारणारा शब्द) विचारलं. सकाळी दहाला सुरू केलं, डबा खाऊन आलो तरी चालूच. आमचे साहेब, म्हणजे सर, म्हणाले, "मशीन जुनं झालंय, रॅम टाकू." मी भीतभीत सेटचं नाव काढलं, तर म्हणे, "सेट-बिट मुलाखतीत विचारतात रे. कामाला लिस्ट पुरते."

रॅमचा काही संबंध नव्हता. लिस्टमध्ये शोधणं म्हणजे गठ्ठ्यातलं एकेक पाकीट वरून उलटत जाणं. जो क्रमांक नाहीच, त्याच्यासाठी पूर्ण गठ्ठा उलटावा लागतो. असे १ लाख क्रमांक आणि प्रत्येकाला ३ लाख तुलना, म्हणजे नुसत्या नसलेल्यांसाठीच ३,००० कोटी. सेट त्या क्रमांकावरूनच हॅश, म्हणजे हिशोबाने निघणारा एक आकडा, काढतो आणि तो कोणत्या कप्प्यात असायला हवा ते थेट बघतो. यादी दहापट झाली तरी एका शोधाचा वेळ साधारण तेवढाच.

सर चहाला गेले तेव्हा मी दोन्ही याद्यांचे सेट केले आणि एकातून दुसरा वजा केला. ते परत यायच्या आत उत्तर हातात. त्या दिवशी मी ऑफिसात जरा छाती काढूनच फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईवाला वर आला, हातात लेबलांचा पट्टा. मूळ यादी पिनकोडप्रमाणे लावलेली होती. पट्ट्यावर ४२२००१ खाली ४४५००१, त्याखाली ४११००१. नाशिक, यवतमाळ, पुणे, सगळी खिचडी. चार हजार लेबलं छापून झाली होती. मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तर खिचडी वेगळीच! सेटला क्रम नसतो हे मी वाचलं होतं. पण सुरुवातीची शून्यं जाऊ नयेत म्हणून क्रमांक मजकूर म्हणून ठेवले होते आणि मजकुराचा हॅश पायथन दर वेळी नव्याने ठरवतो, हे तेव्हा कुठे माहीत होतं? सर काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते हसू मला अजून आठवतं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. सेट फक्त पाठवलेल्यांचा करायचा. मूळ लिस्ट लिस्टच ठेवून तिच्यावरून क्रमाने जायचं आणि सेटमध्ये नसेल तो उचलायचा. क्रम लिस्टने सांभाळला, शोध सेटने. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे: डेटा कसा दिसतो ते बघू नका, त्याला तुम्ही दिवसभर काय विचारणार आहात ते बघा. "आहे का?" असेल तर सेट. "याचं काय?" असेल, म्हणजे क्रमांकावरून पत्ता, तर डिक्शनरी. "कितवा?" असेल तर लिस्ट. टपल मला मुख्यतः डिक्शनरीची की म्हणून लागतो, पिनकोड आणि गल्ली मिळून एक अशी. तिथे लिस्ट दिली तर पायथन तोंडावर एरर फेकतो.

आता सरांच्या बाजूनेही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. दहा-वीस गोष्टी असतील तर लिस्टच वापरा, फरक जाणवणारसुद्धा नाही. सेट मेमरीही जास्त खातो. आणि रिकामे महिरपी कंस {} लिहिले की रिकामा सेट नाही, रिकामी डिक्शनरी मिळते. त्यात मीही फसलोय.

पण सर शेवटपर्यंत म्हणायचे की डिक्शनरीलाही क्रम नसतो. सर, २०१८ साली आलेल्या पायथनच्या ३.७ आवृत्तीपासून असतो, ज्या क्रमाने घातलं त्याच क्रमाने निघतं. क्रम न मोडता डुप्लिकेट काढायचे असतील तर मी आता 'डिक्ट.फ्रॉमकीज'च वापरतो; ते यादीतल्या गोष्टींना की करून डिक्शनरी बनवतं, आणि एक की एकदाच राहते. लेबलं नीट निघतात.