अमेरिकेत किनाऱ्यावरचा केंद्राचा प्रकल्प राज्य अडवू शकतं का?

हो, पण काम कोणाचं आहे त्यावर ते अवलंबून आहे. १९७२ च्या किनारपट्टी व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३०७ मध्ये ही तरतूद आहे. केंद्रीय खातं स्वतः काम करणार असेल, तर ते राज्याच्या मंजूर किनारा धोरणाशी शक्य तितकं जुळवावं लागतं. अंतिम मंजुरीच्या किमान ९० दिवस आधी राज्याला कळवावंही लागतं. राज्याने हरकत घेतली तरी खातं कधीकधी कायद्यावर बोट ठेवून पुढे जातं.

खासगी कंपनीला केंद्राचा परवाना हवा असेल, तेव्हा मात्र राज्याच्या शब्दाला खरी धार येते. राज्याने हरकत घेतली की परवाना थांबतो. ती फिरवू शकतात फक्त केंद्रीय वाणिज्यमंत्री. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंड या सागरी पट्ट्यात ब्रॉडवॉटर नावाचं तरंगतं गॅस टर्मिनल येणार होतं, लांबी सुमारे १,२०० फूट. २००८ मध्ये केंद्रीय ऊर्जा आयोगाने हिरवा कंदील दाखवला, न्यूयॉर्कने हरकत घेतली आणि २००९ मध्ये वाणिज्य खात्याने न्यूयॉर्कचीच बाजू उचलून धरली. मला हे फार मोलाचं वाटतं.

१९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समुद्रातल्या तेलासाठीचे भाडेपट्टे राज्याच्या या तपासणीतून वगळले होते. १९९० मध्ये काँग्रेसने कायदा बदलून ती पळवाट बुजवली.