उंबरठ्यावर 'येतो' म्हणणाऱ्याने इंग्रजीत काय म्हणावं?

तुमचा प्रश्न असा की 'आय गो', 'आय अ‍ॅम गोइंग', 'आय हॅव गॉन' हे सगळं वाचताना कळतं, पण रोजच्या बोलण्यात ऐन वेळी गोंधळ होतो. होऊ द्या. मी जाण्यायेण्याच्या इंग्रजीपायी एका साहेबांना भर मे महिन्यात कूलर बंद करून बसवलेलं आहे.

१९९८ ची गोष्ट. पहिली नोकरी, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं ऑफिस. साहेब चेन्नईचे, मराठी शून्य, हिंदी जेमतेम. दुसऱ्या दिवशी टेंडर भरायचं होतं, त्याचे कागद टेबलभर पसरलेले. सहा वाजले. आता महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरात कोणी दारातून 'जातो' म्हटलं, की आजी त्याला परत आत बसवायची, घोटभर पाणी पाजायची आणि 'येतो' म्हणवून मगच सोडायची. 'गेला' म्हणजे कायमचाच गेला, हे तिचं व्याकरण. ते अंगात मुरलेलं. मी केबिनच्या दारातून डोकं घातलं, 'सर, आय अ‍ॅम कमिंग' म्हटलं, सायकल काढली आणि घर गाठलं.

साहेबांना वाटलं, पोरगं खाली चहा प्यायला गेलं. कागद उडू नयेत म्हणून त्यांनी कूलर बंद केला आणि आठ वाजेपर्यंत घाम पुसत माझी वाट पाहिली. नागपूरचा मे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. सकाळी म्हणाले, 'यू सेड यू आर कमिंग.' मी म्हटलं, 'येस सर.' आलोच होतो की, बरोबर साडेनऊला!

हे घरी हसत हसत सांगितलं, ती माझी खरी चूक. माझे साडू पुण्याचे. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, निघायची वेळ झाली की 'काय, कमिंग का?' वर आमचं नागपुरी 'जाऊन राहिलो' ऐकलं की, 'जाऊन कुठे राहिलास?' वीस वर्षांहून जास्त झाली, विनोद तोच.

आता तुमच्या गोंधळाचं. माझं मत स्पष्ट आहे: काळांचे तक्ते पाठ करू नका, आपली मराठी नीट ऐका. आणि नागपूरची मराठी तर यात पुण्यापेक्षा दोन पावलं पुढे आहे. 'मी रोज मेट्रोने जातो' म्हणजे 'आय गो'. 'मी आत्ता बर्डीला जाऊन राहिलो' म्हणजे 'आय अ‍ॅम गोइंग'. चालू क्रियेचं 'राहिलो' आम्ही वेगळं, ठणठणीत उच्चारतो; पुणेकर 'जातोय' म्हणून अर्धं गिळून टाकतात. हिंदीचा 'जा रहा हूँ' हा शेजार आहेच. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याची लाज कशाला?

'गॉन'चंही तसंच. बायको रामटेकला गेली आहे, म्हणजे अजून तिकडेच आहे, डबा तुम्हीच भरा: 'शी हॅज गॉन टू रामटेक'. जाऊन आली आहे, म्हणजे घरात आहे, डबा मिळेल: 'शी हॅज बीन टू रामटेक'. 'जाऊन येणं' या जोडीसाठी इंग्रजाला 'बीन' उसनं आणावं लागलं. आणि सोमवारी गेली होती, असा वार सांगितला की निव्वळ 'वेंट'. हे 'वेंट' मुळात 'गो'चं नाहीच, 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं. हसू नका, आपलं 'जा' आणि 'गेला' हेसुद्धा संस्कृतातल्या 'या' आणि 'गम्' अशा दोन वेगळ्या घरचे आहेत.

अजून एक गंमत. बिघडलं की बहुधा 'गो' लागतं: दूध नासतं तेव्हा 'गो ऑफ', डोकं फिरतं तेव्हा 'गो मॅड'. स्वप्न खरं होतं तेव्हा मात्र 'कम ट्रू'. आपणही म्हणतोच, पोरगं वाया गेलं आणि झाड फळाला आलं. साडूंना टक्कल पडलं त्याला 'वेंट बॉल्ड' म्हणतात, हे मी त्यांना एका बारशात समजावून सांगितलं होतं.

फोनवर साहेबांनी बोलावलं तर 'कमिंग'च म्हणा, कारण तुम्ही ऐकणाऱ्याकडे निघालात. निरोप घेताना मात्र आजीला क्षणभर विसरा आणि 'आय अ‍ॅम लीव्हिंग' म्हणा. इंग्रजीत 'गोइंग' म्हटल्याने कोणी मरत नाही.

हो, एक राहिलं. आमच्या 'राहिलो'वर डोळे मिटून विसंबू नका. 'मला समजून राहिलं' इथे चालतं, पण 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' म्हणाल तर समोरचा दचकेल. तिथे 'आय अंडरस्टँड' पुरे. हे साडूंना सांगू नका.

मागच्या दिवाळीत ते आमच्याकडे होते. निघताना रिक्षात बॅग ठेवली, चप्पल घातली आणि सवयीने म्हणाले, 'बरंय, येतो.' मी विचारलं, 'किती वाजेपर्यंत थांबून राहू?'