पाइपच्या रफनेसची (आतल्या खडबडीतपणाची) खात्रीची व्हॅल्यू कुठे मिळेल?

तुमची तक्रार अशी की एमएस (साध्या पोलादी) पाइपचा रफनेस एका पुस्तकात ०.०४५ मिमी, दुसऱ्यात ०.०४६, तिसऱ्यात थेट ०.०५ दिलाय, सप्लायर तर काहीच सांगत नाही, मग प्रेशर लॉस काढताना धरायचं काय? नवा पाइप असेल तर ०.०४५ धरा अन् मोकळे व्हा. जीआयला (जस्त चढवलेल्या पाइपला) ०.१५, बिडाला ०.२६, तांब्या-पितळेच्या ओढीव नळीला ०.००१५, पीव्हीसीलाही लोक तोच लावतात. हे आकडे पाइपातलं घर्षण काढायच्या मूडीच्या १९४४ च्या चार्टपासून चालत आलेत आणि तेव्हापासून सगळे एकमेकांचं उतरवून घेताहेत. मूळ आकडा फुटात होता, ०.०००१५ फूट. त्याचे होतात ०.०४५७ मिमी. कोणी शेपूट कापलं, कोणी पुढच्या आकड्यावर नेऊन ठेवलं. तुमच्या तीन पुस्तकांचं भांडण एवढंच आहे.

आणि त्यानं बिघडत काय? १५० एनबीच्या (१५० मिमी नाममात्र व्यासाच्या) लाइनीतून ताशी १०० घनमीटर पाणी जात असेल तर ०.०४५ च्या जागी ०.०६ घातल्यावर लॉस चारेक टक्क्यांनी वाढतो. पंप निवडताना आपण याहून जास्त मार्जिन डोळे मिटून टाकतो.

खरा घोळ जुन्या पाइपात असतो. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात जमिनीतल्या टाकीपासून (सम्पपासून) प्लांटपर्यंत ६०० मीटर एमएस लाइन होती, १५० एनबी, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यालेली. प्लांटला पाणी कमी पडू लागलं. माझा साडू पंपाच्या धंद्यात आहे. त्यानं लॅपटॉपवर लाइन टाकली, सॉफ्टवेअरनं आपलं ०.०४५ घेतलं आणि निकाल आला की लाइन चांगली आहे, पंप म्हातारा झालाय. मी म्हटलं, आधी मोजून तर बघ. तर म्हणतो, "दादा, सॉफ्टवेअर काय खोटं बोलते का?" नवा पंप बसला. पाणी वाढलं ते नावापुरतं, मोटरचं बिल मात्र चांगलंच वाढलं.

मग मला बोलावणं आलं. मे महिना, पाइपाला हात लावायची सोय नाही. लाइनीच्या दोन टोकांना टॅपिंग (प्रेशर मोजायचं भोक) काढलं आणि एकच प्रेशर गेज आधी इकडे, मग तिकडे लावलं. दोन वेगळी गेजं लावली की त्यांची आपसातली चूकच लॉस म्हणून दिसते. फ्लोमीटर बंद होता, म्हणून टाकी भरायला लागणाऱ्या वेळावरून प्रवाह काढला. ताशी ८० घनमीटर भरला. नव्या पाइपच्या हिशोबानं पाण्याच्या उंचीत मोजलेला ५ मीटरही लॉस यायला नको होता. उंचीचा फरक वजा करून गेज दाखवत होतं १६ मीटर.

शेवटी फ्लँज खोलून एक तुकडा बाहेर काढला. आत चहूबाजूंनी ६ मिमीचा थर, खाली पांढरट क्षार, वर गंजाच्या तांबूस गाठी. बोट फिरवलं तर नख अडकत होतं. थरामुळे १५५ चा आतला व्यास १४३ वर आलेला, आणि व्यास घटला की लॉस त्याच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे दीडपट इथेच गेली. उरलेली सव्वादोन पट खडबडीची. उलटा हिशोब केला तर रफनेस दीड मिमीच्या आसपास निघाला. ०.०४५ कुठे आणि दीड मिमी कुठे! हा आकडा कोणत्या टेबलात सापडणार होता?

म्हणून लाइन उभी असेल तर व्हॅल्यू शोधत बसू नका, मोजा. उलट्या हिशोबासाठी घर्षणाचं स्वामी-जैन यांचं १९७६ चं सूत्र घ्या किंवा कोलब्रुकचं, लॉस मोजलेला असला की दोन्हींतून रफनेस थेट निघतो. लाइन अजून कागदावरच असेल तर नव्याचा आकडा आणि जुन्याचा आकडा, दोन्ही घालून पंप दोन्हीकडे चालतो का ते पाहा. हे ज्याला जमत नाही त्याने पंप विकावे, डिझाइन करू नये. (साडू वाचतोय, माहीत आहे.)

काही गोष्टी राहिल्या. एसएस पाइपच्या कॅटलॉगात जो आरए देतात तो सुईनं मोजलेला सरासरी खडबडीतपणा. आपल्या सूत्रातला रफनेस निकुराडझेनं पाइपात वाळू चिकटवून केलेल्या १९३३ च्या प्रयोगांशी ताडलेला, तेव्हा एकाच्या जागी दुसरा टाकू नका. हेझन-विल्यम्स या दुसऱ्या सूत्रातला सी हा गुणांक तर मिमीत नसतोच. जाड ऑइल लॅमिनार (थराथरानं, न घुसळता) वाहत असेल तर रफनेसचा प्रश्नच मिटतो, घर्षणाच्या गुणांकासाठी ६४ भागिले रेनॉल्ड्स नंबर करा. आणि दोन टॅपिंगच्या मधे बेंड-व्हॉल्व्ह असतील तर त्यांचा लॉस आधी वजा करा. आमच्या साडूनं शेवटी सगळं खापर मधल्या गेट व्हॉल्व्हवर फोडायचा प्रयत्न केला होता. पूर्ण उघडा व्हॉल्व्ह होता तो. त्याचा लॉस मी तिथंच कागदावर सेंटीमीटरभर काढून दाखवला.