वळवाला घाबरणारा म्हातारा कुत्रा

प्रश्न : आमचा मोत्या 11 वर्षांचा आहे. आधी वळवाला कधी घाबरला नाही. गेली दोन वर्षं मात्र ढग दाटले की थरथरतो, लाळ गाळतो, दार ओरबाडतो. मे महिन्यात साखळी तोडून पळाला, तो दुसऱ्या दिवशी उसात सापडला. घर कौलारू आहे, पडवीवर पत्रा आहे. काय करावं? (नंदगड, ता. खानापूर)

उत्तर : सगळ्यात आधी त्याला पशुवैद्याकडे न्या. म्हातारपणी नव्यानं सुरू झालेल्या भीतीमागं पुष्कळदा दुखणं असतं. वीज कडाडली की कुत्रा दचकून अंग आखडतो. कंबर किंवा गुडघे आधीच दुखत असतील तर त्याच क्षणी कळ येते आणि त्याच्या डोक्यात आवाज आणि कळ यांची गाठ पडते. तो बसून उठताना पुढच्या पायांवर भार देऊन मागचं अंग ओढतो का, पायरीशी थबकतो का, एका मांडीचं मांस दुसरीपेक्षा उतरलंय का, हे बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. रात्री उगाच फिरणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, घरात लघवी होणं हेही सांगा. म्हातारपणी मेंदू थकल्याच्या त्या खुणा असू शकतात. सांध्यांवर औषध सुरू झालं की कधी कधी भीतीही उतरते.

दुसरं, साखळी आजपासून बंद. घाबरलेल्या कुत्र्याला बांधलं की गळ्याला फास बसतो, नाहीतर साखळी तुटते. आणि पत्र्याखालची पडवी तर त्याच्यासाठी ढोलासारखी वाजते. माजघरात, खिडकीपासून लांब, खाटेखाली किंवा कपाटाआड त्याची जागा करा. खाली जाड गोधडी घाला, खिडकीवर घोंगडी टाका म्हणजे विजेचा लखलखाट दिसणार नाही. फरशी गुळगुळीत असेल तर तिथवरच्या वाटेवर पोती अंथरा. म्हातारे पाय घसरले की भीती दुप्पट होते. शेजारी पाणी ठेवा, पण दार लावून त्याला कोंडू नका. घाबरलेला कुत्रा दात तुटेपर्यंत दार कुरतडतो. बाहेरचं दार, फाटक मात्र बंद हवं. तो स्वतःहून न्हाणीघरात जाऊन बसत असेल तर तीच जागा ठेवा, त्याची निवड मोडू नका.

ही जागा एप्रिलच्या आधीच करा आणि रोज तिथंच खायला घाला. पाऊस सुरू झाल्यावर ओढत नेलं तर ती जागाही त्याला भीतीचीच वाटते.

वळीव बहुधा दुपार कलल्यावर उठतो, म्हणून तीनच्या आत त्याला बाहेर फिरवून आणा. कुत्र्याला गडगडाटाच्या आधीच वारा, अंधारून येणं, हवेतला बदल कळतो. तुम्हाला मोबाईलवरच्या ‘दामिनी’ ॲपची मदत होईल. 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूतल्या विजांचा इशारा त्यावर मिळतो. आवाज झाकायला पंखा किंवा टीव्ही चालतो, पण नेमकी तेव्हाच लाईट जाते, म्हणून सेलवरचा रेडिओ जवळ असू द्या.

एवढं करूनही थरथर थांबत नसेल तर औषधाला कचरू नका. ट्राझोडोन, गॅबापेंटिन यांसारख्या गोळ्या पशुवैद्य वजन बघून ठरवतात. त्या पावसाच्या तास-दीड तास आधी पोटात जायला हव्यात. कुत्रा एकदा घाबरला की परिणाम कमी होतो. या वयात आधी रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंड बघावं, आणि पहिली गोळी पाऊस नसलेल्या दिवशी देऊन पाहावी, म्हणजे तोल जातो का ते कळतं. नुसतं ॲसिप्रोमाझिन हे गुंगीचं औषध मात्र टाळायला सांगा. त्यानं अंग गळतं, भीती तशीच राहते, आणि आपल्याला वाटतं कुत्रा शांत झाला. घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेततात.

प्रश्न : घाबरल्यावर जवळ घेतलं तर कुत्रा आणखी भित्रा होतो, असं सगळे म्हणतात. (निपाणी)

उत्तर : नाही होत. तो जवळ आला तर खुशाल बसू द्या, छातीवरून सावकाश हात फिरवा. लांब जाऊन बसला तर मागं लागू नका. ओरडणं, मारणं याच गोष्टींनी भीती वाढते. अंगाला घट्ट बसणारा जुना टी-शर्ट घातल्यानं काही कुत्र्यांना बरं वाटतं. कापडाखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. धापा टाकत असेल तर लगेच काढा.

प्रश्न : मोबाईलवर गडगडाट ऐकवून सवय लावता येते का? (चिकोडी)

उत्तर : येते, पण कोरड्या दिवसांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. आवाज इतका बारीक ठेवा की कुत्रा फक्त कान टवकारेल. 5 मिनिटं तो लावून उकडलेल्या कोंबडीचे किंवा अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे देत राहा. कुंद्यासारखी गोड मिठाई देऊ नका, बेळगावची असली तरी! तीन-चार दिवस कुत्रा निवांत राहिला तरच आवाज थोडा वाढवा. खाणं सोडलं, जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला तर आवाज जास्त झाला. मागच्या पायरीवर या. घाई केली तर भीती पक्की होते. कुत्र्याला कमी ऐकू येत असेल तर याचा फारसा उपयोग नाही, कारण मोबाईलचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि खऱ्या गडगडाटाचा हादरा मात्र जमिनीतून पायांना जाणवतो.