बडोद्यात समुद्र कुठे आहे?

नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, अकरावीत 78 टक्के, जेईईच्या क्लासची दोन वर्षांची फी भरलेली, आणि आता ती म्हणते की मला समुद्र आणि किनाऱ्याच्या कायद्यात काम करायचंय. "बडोद्यात समुद्र कुठे आहे? तुम्हीच तिला चार शब्द समजावून सांगा," असं तुम्ही लिहिलंय.

मला त्या पत्रातलं सगळ्यात लागलं ते तिसऱ्या पानावरचं वाक्य: "पंधरा दिवस झाले, मी तिच्याशी बोलत नाही." तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. मी मात्र तिथेच अडकले. सतरा वर्षांच्या लेकीशी अबोला धरून तिचं करिअर ठरवू नका. ती हो म्हणेलही. जेवताना घरात कुणीतरी बोलावं म्हणूनही मुलं हो म्हणतात. तशी हो म्हटलेली मुलं दुसऱ्या वर्षाला एटीकेटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात. शेजारी आई असते, वडील खाली गाडीतच थांबलेले असतात. तुमच्या चार पानांत ऑफिसातल्या मित्राच्या मुलाचं पॅकेज आहे, आजोबांची इच्छा आहे, फीचा आकडा तर दोनदा आहे. ती स्वतः फक्त एकदा दिसते: खंभातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला जाऊन आल्यावर तिने टेबलासमोरचा फॉर्म्युल्यांचा तक्ता काढला आणि तिथे भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद चिकटवला. तुम्ही ही तक्रार म्हणून लिहिलीत. मला तो कागद बघायला आवडेल.

आता समुद्राचं. कावीला स्तंभेश्वराची पिंड भरतीत बुडते आणि ओहोटीत उघडी पडते. मग जमीन नेमकी कुठे संपली? किनाऱ्याचा कायदा इथूनच सुरू होतो. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना 1991 सालची, सध्याची 2019 ची. उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती भरतीरेषा, आणि समुद्रकाठी तिथून आत 500 मीटरचा पट्टा या नियमांखाली येतो. रेषा थोडी इकडेतिकडे सरकली की कुणाचं हॉटेल बेकायदा ठरतं, कुणा कोळ्याची मासळी वाळवायची जागा वाचते. कोचीजवळ मरडूला चार बहुमजली संकुलं सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने जानेवारी 2020 मध्ये स्फोटकं लावून पाडली, ती याच नियमांपायी. आणि हे नियम समुद्राच्या वाळूपाशी थांबत नाहीत. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्याच्या हजार भागांत पाच भाग क्षार जिथवर सापडतात, तिथवर ते नदीच्या दोन्ही काठांनी आत येतात. तुमच्या जवळच्या मही नदीच्या काठानेही येतात. बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी लांबच लांब चॅनेलने नेऊन सोडतात तेही जंबुसर तालुक्यात, महीच्या मुखाशी. गायकवाड महाराजांच्या काळी तर द्वारकेकडच्या ओखामंडळचा सगळा किनारा बडोद्याचा होता. सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली, तिचा पहिला भाग 1909 साली छापला. बडोदेकराने समुद्र कुठे म्हणून विचारावं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

वाटा तुम्हाला कुणीही सांगेल: बारावीनंतर क्लॅट ही कायद्याची प्रवेशपरीक्षा देऊन पाच वर्षांचा कोर्स, त्यात गांधीनगरचं जीएनएलयू हे कायदा विद्यापीठ जवळचं.

पण आता तुमच्या लेकीलाही एक सांगते, तिला ते कदाचित रुचणार नाही. 'किनारा कायदा अधिकारी' अशी नोकरी कुठे तयार ठेवलेली नसते. वकिलीची सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित लवादाचं आपल्या भागाचं खंडपीठ पुण्याला आहे, म्हणजे पुढे धावपळही आलीच. म्हणून माझं मत वेगळं आहे: आत्ता कायदा नको. एम. एस. युनिव्हर्सिटीत भूशास्त्र घेऊन बीएस्सी कर, आणि मग तिथेच तीन वर्षांचं एलएलबी. एक वर्ष जास्त जाईल, जाऊ दे. भरतीरेषा उपग्रहाच्या चित्रांवरून आणि प्रत्यक्ष मोजणीतून नकाशावर येते. कोर्टात तो नकाशा समोर आल्यावर ज्या वकिलाला तो स्वतः वाचता येतो, त्याला उलटतपासणीत काय विचारायचं ते कळतं. अशी माणसं फार थोडी आहेत. आणि बाबा, यात तिचं फिजिक्स आणि गणित वाया जात नाही, क्लासमध्ये शिकलेलंही वाया जात नाही.

तीन वर्षांनी कायदा नकोसा वाटला तरी हातात चांगली पदवी राहील, हेही मी धरलंय.

येत्या रविवारी ओहोटी किती वाजता आहे, हे आज रात्री जेवताना तिला विचारा. कागद तिच्याकडे आहेच. मग दोघं कावीला जाऊन या, गाडीत फीचा विषय काढू नका. पुढचं पत्र मात्र तिच्या हातचं हवं. तुमचं मी वाचलं, आता तिला स्वतःला काय हवंय ते तिच्याच शब्दांत वाचायचंय.