बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याच्या) ऑपरेशनआधीचा पदरचा खर्च

हॉस्पिटलने सांगितलेल्या पॅकेजच्या आकड्यावर विसंबू नका, खरी गळती त्याआधी सुरू होते. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ततपासण्या पॉलिसीत लिहिलेल्या, भरती होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांच्या मुदतीतच करा. ऑपरेशनची तारीख पुढे गेली की जुनी बिलं मुदतीबाहेर पडतात आणि क्लेममधून कापली जातात. प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) महाग वाटली तरी टाळू नका: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ ते ४० च्या दरम्यान असेल, तर गंभीर स्लीप अ‍ॅप्नियाच्या (झोपेत श्वास अडकण्याच्या) त्या रिपोर्टवर विम्याची मंजुरी मिळू शकते. आहारतज्ज्ञांची फी बहुधा स्वतःच भरावी लागते. प्रोटीन पावडरचा मोठा डबा आधीच घेऊन ठेवू नका, ऑपरेशननंतर अनेकांची चव बदलते. छोटी पाकिटं आणून बघा. बी१२, कॅल्शियम सायट्रेटच्या गोळ्या मात्र दरमहाच्या खर्चात कायमच्या धरा.