आधी तिचं बोट लाव

पोरी,

"कावीळ होऊच नये म्हणून काय करू?" असं त्या बाळंतिणीनं विचारलं आणि तुझी बोबडी वळली. बरं झालं. ठोकून दिलं असतंस तर खोटं बोलली असतीस. निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी होतातच. पुष्कळदा कावीळ चढू न देणं तेवढं आपल्या हातात असतं. चीक टाकायचा नाही, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं, म्हणजे काळी शी लवकर होते आणि पिवळेपणा तिच्यावाटे निघून जातो. मध-गुटी नको. हे तुला पाठ आहे.

तू पोस्टरचं विचारलंस. लाव हवं तर. पण आधी तिचं बोट लाव. तुझं नाही गं, तिचं! बाळ दारापाशी उजेडात आण. तिच्या बोटानं छाती दाबायला लाव, बोट उचलल्यावर कातडी कशी दिसते ते तिलाच सांगू दे. मग पोट, मग तळपाय. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या बल्बखाली, सगळी बाळं सारखीच.

मी एकदा हे केलं नाही. तिसऱ्या दिवसाची भेट, पुढे आणखी चार घरं. उंबऱ्यातूनच म्हणाले, "पिवळं वाटलं तर आणा." तिनं मान हलवली. आजीनं कोवळं ऊन दाखवत पाच दिवस काढले. आणलं तेव्हा तळपाय हळदीसारखे, बाळ दूध ओढेना. तो मुलगा आज ऐकू शकत नाही. रजिस्टरात माझी नोंद चोख होती : "आईस माहिती दिली." खोटी नव्हतीच ती. चार घरं खरंच होती. असो.

आजीला हसू मात्र नकोस. १९५०च्या दशकात इंग्लंडात रॉचफर्डच्या हॉस्पिटलात वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना उन्हात नेत. एका बाळाचं अंग फिकं झालं, चादरीखालचा तुकडा तेवढा पिवळा राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. निळ्या दिव्याचा उपचार तिथून निघाला. आजीला ही गोष्ट सांग, आणि चढलेल्या काविळीला अंगणातलं ऊन पुरत नाही, दिवाच लागतो, हेही.

पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ पाजायलाही उठेना, तर तिथे समजावत बसू नकोस, गाडी बोलाव.

उद्याच्या घरी कार्डावर आईचा रक्तगट बघ. बाळाचे कपडे ट्रंकेतले असतील तर डांबरगोळ्यांचा वास येतो का बघ. काही बाळांचं रक्त त्यानंच फुटतं आणि कावीळ चढते. आणि सासूबाई "उद्या बघू" म्हणाल्या, तर त्यांचंही बोट लाव.